धार गेली, चमक गेली की घुमारा गेला?

गेल्या अंकात ‘बोअर’ या शब्दावर लिहिताना मी जाता जाता म्हणाले होते की, ‘डल’वर कधीतरी सवडीनं बोलायला हवं. ते वाक्य वाचकांनी बरोबर पकडलं. टपालानं आणि मोबाइलवर इतके प्रश्न आले की हा अंक त्या एकाच शब्दाला देऊन टाकतेय. नवीन वाचकांसाठी सांगते, मिरजेत नर्सिंगच्या मुलींना इंग्रजी शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे माझी उत्तरं फिरून फिरून दवाखान्यात जातात. ते चालवून घ्या.

बाई, नमस्कार. वडिलांना ताप होता, धाप लागत होती म्हणून दवाखान्यात नेलं. केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलंय, ‘डलनेस ॲट राइट बेस’. घरात सगळे घाबरलेत. धाकटा भाऊ म्हणतो, मेंदूच्या उजव्या बाजूला मंदपणा आलाय. पण वडील तर नीट बोलतात, दुकानाचा हिशेब तोंडपाठ सांगतात. मग हा डलनेस कुठला?
– एक वाचक, इचलकरंजी

भावाला आधी सांगा, डोक्याला काही झालेलं नाही. हा डलनेस आवाजाचा आहे. ‘बेस’ म्हणजे इथं फुप्फुसाचा तळ. डॉक्टरांनी वडिलांच्या पाठीवर उजवीकडं खाली बोटानं ठोकून पाहिलं, तेव्हा आवाज घुमायला हवा तसा घुमला नाही, बद्द आला. केसपेपर एवढंच म्हणतोय.

ठोकायची रीत तुम्ही पाहिली असेल. डाव्या हाताचं मधलं बोट दोन बरगड्यांच्या मधल्या खाचेत सपाट दाबून धरायचं आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकानं त्यावर टकटक करायचं. हात मनगटातून हलला पाहिजे, कोपरातून नाही. माझ्या वर्गातल्या मुली याचे आवाज आधी स्वतःवर ऐकायच्या. तुम्हीही करून बघा. गाल फुगवा आणि त्यावर टिचकी मारा, पोकळ ढबढब येईल. मग गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या खाली, छातीवर ठोका. तो घुमारा म्हणजे ‘रेझोनंट’. आता मांडीवर ठोका. तो ‘डल’. आत हवा असली की आवाज घुमतो, मांस किंवा पाणी असलं की जागच्या जागी मरतो. फुप्फुस हवेनं भरलेलं, म्हणून ते घुमायलाच पाहिजे. न्यूमोनियानं तळाचा भाग भरून आला किंवा फुप्फुसाच्या आवरणात पाणी साठलं, की तिथं बद्द वाजतं. पाणी असेल तर इतकं बद्द की डॉक्टर त्याला ‘स्टोनी डल’ म्हणतात, दगडावर ठोकल्यागत. यकृतावर ठोकलं तर धडधाकट माणसातही डलच येतं, कारण तिथं भरीव मांसच आहे. म्हणजे डलनेस हा शब्द एकट्यानं काहीच वाईट सांगत नाही, तो कुठं सापडला ते महत्त्वाचं. वडिलांच्या बाबतीत नेमकं काय आहे ते एक्स-रे बघून डॉक्टर सांगतील. मी शब्दाची बाई. शब्दाची भीती तेवढी मी घालवू शकते, बाकीचं त्यांना विचारा आणि आजच विचारा.

याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. अठराव्या शतकात व्हिएन्नाच्या एका लष्करी रुग्णालयात लेओपोल्ड आउएनब्रुगर नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या वडिलांचा ग्रात्स गावी उतारूंसाठी खाणावळीचा धंदा. दारूच्या पिंपात माल कुठवर आहे हे वडील पिंपावर ठोकून ओळखायचे आणि पोरानं ती युक्ती माणसाच्या छातीवर लावली, असं सांगतात. १७६१ मध्ये त्यांनी लॅटिनमध्ये एक लहानसं पुस्तक छापलं. निरोगी छाती जाड लोकरी कापड घातलेल्या ढोलासारखी वाजते, असं त्यात लिहिलंय. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढं १८०८ मध्ये नेपोलियनचे डॉक्टर कोर्व्हिझार यांनी पुस्तकाचं फ्रेंच भाषांतर केलं आणि मग सगळीकडं ठोकाठोक सुरू झाली. आउएनब्रुगरांना संगीताचं अंग होतं. सालिएरी या संगीतकाराच्या एका ऑपेराचा मजकूर त्यांनी लिहिलाय. मला यात नवल वाटत नाही. आमच्या मिरजेत सतारी-तंबोरे करणारे कारागीर आहेत. तंबोऱ्याची घोडी झिजली की तार वाजते, पण झंकारत नाही. कारागीर कान देतो आणि म्हणतो, ‘जवारी गेली. काढायला पाहिजे.’ इंग्रज माणूस त्या आवाजाला डल म्हणून मोकळा होईल. आपल्याकडं नेमकं काय गेलं, त्याचंच नाव आहे.

आणखी एक, कारण पुढच्या एखाद्या केसपेपरवर दिसेल. ‘शिफ्टिंग डलनेस’ म्हणजे सरकणारा बद्दपणा. जलोदरात पोटात पाणी असतं. पेशंट उताणा असला की पाणी दोन्ही कुशींकडं उतरतं आणि तिथं बद्द वाजतं. त्याला एका कुशीवर वळवलं की पाणी खाली जातं, वर आलेली बाजू घुमायला लागते. बद्दपणानं जागा बदलली, म्हणजे आत पाणी आहे. माझ्या मते वैद्यकातला हा सगळ्यात बोलका शब्दप्रयोग आहे, आणि तो ‘डल’नं बनलाय!

बाई, मी तुमची जुनी विद्यार्थिनी. सध्या जर्मन शिकतेय, तिकडं नर्स म्हणून जायचा विचार आहे. फॉर्मवर दुखण्याचा प्रकार लिहायचा असतो, शार्प की डल. ‘डल पेन’ पेशंटला मराठीत कसं विचारायचं? मी ‘मंद वेदना आहेत का’ असं विचारलं तर एक आजी म्हणाल्या, ‘मंद कसल्या, जीव चाललाय की माझा!’
– एक परिचारिका, मिरज

आजींचंच बरोबर आहे गं. डल म्हणजे थोडं, हा समज तू वर्गातून घेऊन गेलीस की नंतर लागला, कोण जाणे. शार्प आणि डल या दुखण्याच्या जाती आहेत. किती दुखतंय हा वेगळा प्रश्न आणि फॉर्मवर त्याची वेगळी चौकट असते, शून्य ते दहावाली. डल दुखणं रात्रभर डोळ्याला डोळा लागू देणार नाही इतकं असू शकतं.

शब्द सापडत नसेल तेव्हा पेशंटचा हात बघ. शार्प दुखणारा माणूस एक बोट ठेवतो, ‘हितं.’ डल दुखणारा सगळा पंजा फिरवतो, ‘या अंगाला सगळीकडंच.’ शार्पला टोक असतं, डलला टोक नसतं. शार्प-डल ही जोडी चाकूच्या धारेलाही लावतात, ते का हे इथं बरोबर कळतं.

याचं कारण शरीरात आहे. उंबऱ्याला पायाचं बोट ठेचलं की पहिल्यांदा लख्ख कळ येते आणि मग, जरा थांबून, दुसरं दुखणं चढत जातं. पहिली कळ ज्या मज्जातंतूंमधून येते त्यांना ए-डेल्टा म्हणतात, त्यांचा वेग बरा असतो. दुसरं दुखणं सी तंतूंमधून येतं, आणि ते सेकंदाला साधारण मीटरभर सरकतात. पायापासून मेंदूपर्यंत पोचायला त्यांना वेळ लागतो. हे मागून येणारं, पसरणारं दुखणं म्हणजे डल.

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये दुखण्याची प्रश्नावली छापली. त्यात इंग्रजीतले ७८ शब्द २० गटांत लावलेत. ‘डल’ ज्या गटात आहे त्यात त्याच्या शेजारी ‘सोअर’, ‘एकिंग’ आणि ‘हेवी’ आहेत. हेवी! म्हणजे डल दुखण्याचा एक नातेवाईक ‘जड’ आहे. आजींना विचार, ‘अंग जड झाल्यासारखं, भरून आल्यासारखं दुखतंय का?’ लगेच हो म्हणतील.

खरं सांगू का, दुखण्याच्या बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे. कळ, चमक, सणक, उसण, ठणका, ठसठस, चुरचुर, भगभग, हुळहुळ, रग, कणकण. गावाकडची बाई यातला शब्द सांगते तेव्हा निम्मं निदान तिथंच झालेलं असतं. फॉर्म इंग्रजी आहे म्हणून तिच्या शब्दाचा ‘मंद वेदना’ करून टाकू नकोस. ‘ठसठसतंय’ म्हणाली तर ते डल नव्हे, ते ‘थ्रॉबिंग’, नाडीबरोबर उडणारं. पूवाच्या गळवाचं असतं तसं. ‘भगभगतंय’ म्हणाली तर ‘बर्निंग’. ‘चमक भरली’ म्हणाली तर शार्प. ‘रग लागलीय’, ‘आतल्या आत दुखत राहतंय’, ‘सारखं दुखरं दुखरं आहे’, यांतलं काही आलं की बिनधास्त डलवर खूण कर. विचारताना असं विचार : ‘मावशी, टोचल्यावाणी दुखतंय, की आतून सारखं दुखत राहतंय?’

जर्मनचं म्हणशील तर तिथं डल दुखण्याला ‘डुम्फ’ म्हणतात. आणि डलचा एक चुलतभाऊ तिथं भलत्याच रूपात भेटेल, ‘टोल’. मूळ अर्थ वेडा, खुळा. आता बोलताना अर्थ ‘झकास’. तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरनं तुझ्या कामाला टोल म्हटलं तर तोंड पाडू नकोस.

आमच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत प्रगतिपुस्तकावर काही शिक्षक ‘डल इन मॅथ्स’ असा शेरा लिहितात. एका पालकानं यावरून वाद घातला. वरिष्ठ म्हणतात, डल म्हणजे ‘जरा कमी’, त्यात अपमान काय? तुमचं मत कळवा.
– एक शिक्षिका, जत तालुका

मी पालकाच्या बाजूनं आहे, आणि शब्दाचा इतिहासही त्यांच्याच बाजूनं आहे.

जुन्या इंग्रजीत ‘डोल’ असा शब्द होता. अर्थ सरळ, मूर्ख. डल त्याच्याच कुळातला. तो मुळात माणसांसाठीचा शब्द, बोथट चाकू आणि फिका रंग, कुंद दिवस आणि थंडा बाजार हे सगळे त्याच्यामागून आले. म्हणजे मुलाच्या नावापुढं डल लिहिता तेव्हा त्या शब्दाचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात कच्चा अर्थ लिहिता. ‘जरा कमी’ तो कधीच नव्हता.

शेक्सपियरच्या ‘लव्हज लेबर्स लॉस्ट’ या नाटकात एका हवालदाराचं नावच डल आहे. शाळामास्तर आणि त्याचे विद्वान मित्र लॅटिन झाडत बसतात. शेवटी मास्तर हवालदाराला म्हणतो, इतक्या वेळात तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. डल म्हणतो, समजलाही नाही एकसुद्धा! प्रेक्षक हसतात, पण मास्तरला. शिक्षकांनी हा प्रवेश जरूर वाचावा.

बुद्धिमापनातही हा शब्द होता. डेव्हिड वेक्सलर यांनी १९३९ पासून ज्या चाचण्या केल्या, त्यात ८० ते ९० बुद्ध्यंकाच्या माणसांसाठी ‘डल नॉर्मल’ अशी पायरी होती. १९८१ च्या आवृत्तीत तिचं नाव बदलून ‘लो ॲव्हरेज’ केलं. ज्यांचा धंदाच माणसं मोजण्याचा, त्यांनीसुद्धा हा शब्द टाकून दिला. आपण का धरून बसावं?

आपणही काही धुतल्या तांदळासारखे नाही म्हणा. आपण तर वर्णमालेतलं एक अख्खं अक्षरच मुलांच्या कपाळी मारलं, ‘ढ’. ब्राह्मी लिपीपासून बाकीची अक्षरं बदलत गेली, ढ मात्र जवळजवळ आहे तसाच राहिला, म्हणून न सुधारणारा तो ढ, असं त्याचं कारण सांगतात. ‘मठ्ठ’ आहे, ‘मंद’ आहे, ‘दगड’ आहे. यातलं काही प्रगतिपुस्तकावर मराठीत लिहायची छाती होईल का तुमच्या वरिष्ठांची? नाही ना? मग इंग्रजीत लिहिल्यानं ते सभ्य होत नाही.

शेरा असा लिहा की वाचून आईला कळावं आज संध्याकाळी कशाचा अभ्यास घ्यायचा. ‘भागाकार जमतो, अपूर्णांकांच्या बेरजेत छेद सारखे करायला विसरतो.’ हे लिहायला दोन मिनिटं जास्त लागतात, आणि त्यासाठी वही उघडून बघावी लागते. डल लिहायला वही उघडावी लागत नाही. तो शेरा टिकून राहण्याचं खरं कारण मला हेच वाटतं.

मी सध्या कार्डिफला नोकरी करतो. सोमवारी सकाळी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना म्हणालो, ‘आय ॲम फीलिंग डल टुडे.’ त्या खो-खो हसल्या आणि म्हणाल्या, ‘ओन्ली टुडे?’ पुण्यात तर सगळे असंच म्हणतात. चुकलं काय?
– एक वाचक, कार्डिफ

तुम्ही नेमके चुकीच्या गावात म्हणालात! वेल्समध्ये बोलीत डल म्हणजे खुळा, येडपट. वर जत तालुक्याच्या उत्तरात म्हटलेला जुना अर्थ तिथं अजून रोजच्या बोलण्यात जिवंत आहे. तुम्ही त्यांना सांगितलंत, ‘मला आज येड्यासारखं वाटतंय,’ आणि त्यांनी विचारलं, ‘आजच का?’ एवढ्या हजरजबाबी बाई शेजारी बसतात हे तुमचं नशीब.

ब्रिटनमध्ये दुसरीकडं कुठं म्हणाला असतात तर हसले नसते, पण बुचकळ्यात पडले असते. तिकडं माणसाला डल म्हणजे ज्याच्याशी बोलताना घड्याळाकडं लक्ष जातं असा. अठराव्या शतकातले इंग्रज कोशकार डॉक्टर जॉन्सन यांनी टॉमस ग्रे या कवीबद्दल काढलेले उद्गार त्यांचा चरित्रकार बॉझवेलनं टिपून ठेवलेत. ते म्हणाले, हा माणूस चारचौघांत डल, खोलीत एकटा असताना डल, सगळीकडं डल. तो एका नव्या तऱ्हेनं डल होता, म्हणून बऱ्याच लोकांना थोर वाटला. मला ग्रेच्या कविता आवडतात, पण हे वाक्य त्यांच्याहून जास्त आवडतं, काय करू!

आपण भारतात ‘डल वाटतंय’ म्हणतो तेव्हा म्हणायचं असतं मरगळ आलीय. काम सुचत नाही, अंग आळसावलंय, उगाच कसंसंच होतंय. ‘चेहरा डल दिसतोय’ म्हणजे चेहरा उतरलाय. ही आपल्या इंग्रजीची आपली घडण आहे. मुंबई, पुणे, बंगळूर, कुठंही चालते आणि चालू दे. फक्त विमानतळापलीकडं नेऊ नका. तिथं ‘अ बिट लो’, ‘स्लगिश’, किंवा तब्येतीचं असेल तर ‘ऑफ कलर’ म्हणा. ‘यू आर लुकिंग डल’ तर कुणालाच म्हणू नका, ‘यू लुक टायर्ड’ म्हणा.

एका बाबतीत मात्र डल मनसोक्त वापरा, आणि कार्डिफला संधी भरपूर मिळेल. ‘डल डे’ म्हणजे मळभाचा दिवस. पाऊस धड पडत नाही, उन्हाचं नाव नाही, हवा कुंद. तिथल्या हवामानाच्या बातम्यांत हा शब्द नेहमी येतो.

सांगलीच्या बाजारात आमचा हळदीचा व्यापार आहे. परदेशी खरेदीदाराच्या मेलमध्ये लिहिलंय की माल डल आहे आणि मार्केटही डल आहे. मुलगा सांगतो, ‘माल मंद आहे, बाजार मंद आहे.’ मला ते पटत नाही. नक्की काय म्हणायचंय त्यांना?
– एक व्यापारी, सांगली

मुलानं दोन्हीकडं एकच शिक्का मारलाय. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हीत तुमचे पैसे आहेत.

मालाचं आधी. हळकुंड डल म्हणजे निस्तेज, चमक नसलेलं. पण कुठली चमक, वरची की आतली? हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. हळद शिजवून वाळवली की वरचं साल खरबरीत, मातकट राहतं. ड्रममध्ये फिरवून पॉलिश केली की उजळते. खरेदीदार वरच्या रूपाला डल म्हणत असेल तर पॉलिश कमी पडलंय, खर्च थोडा. पण दळल्यावरच्या रंगाला डल म्हणत असेल तर तिथं पॉलिशचा उपयोग नाही, तो आतल्या कुरकुमिनचा, म्हणजे हळदीला पिवळेपणा देणाऱ्या घटकाचा प्रश्न आहे. तेव्हा उत्तर पाठवताना आभार-बिभार मानत बसू नका. एकच ओळ लिहा : डल म्हणजे सरफेस की पावडर कलर? आणि मेल पाठवायच्या आधी दोन-चार हळकुंडं मोडून आतला रंग स्वतः बघा. अर्ध्या मेलनं पिवळं व्हायला नको.

बाजार डल म्हणजे ‘मंदी’ असं भाषांतर वर्तमानपत्रंही करतात. ते चुकीचं आहे. मंदीत भाव पडतात. डल बाजारात भाव जागचा हलतोच असं नाही. घेणारा येत नाही आणि विकणारा घाई करत नाही. उलाढाल नाही. तुमच्या सौद्यात यासाठी पिढ्यान् पिढ्या शब्द आहे, ‘उठाव नाही’. तोच वापरा. वॉल स्ट्रीटवर तर जुनी म्हण आहे, डल बाजारात मंदीचा सौदा, म्हणजे भाव पडेल या हिशेबानं आधीच विक्री, करू नये. डल आणि मंदी एकच असते तर त्या म्हणीला काही अर्थच उरला नसता. खरेदीदार ‘मार्केट डल आहे’ म्हणतो तेव्हा तो भाव पाडून मागण्याची तयारी करतोय, असाही एक अर्थ निघतो. तो शब्दकोशात मिळत नाही, तो तुम्हाला ठाऊक आहे.

थोडक्यात उत्तरं

डल चाकू की ब्लंट चाकू? (एक वाचक, कराड) – दोन्ही बरोबर. अमेरिकेत डल जास्त, इंग्लंडमध्ये ब्लंट जास्त. पेन्सिलचंही तसंच. मराठीत चाकू बोथट आणि विळीची धार गेलेली. माणसाच्या बाबतीत मात्र घोळ करू नका. ब्लंट माणूस फटकळ, डल माणूस रटाळ. एक नको इतकं टोचतो, दुसरा अजिबात टोचत नाही.

डलनेसमध्ये एल एक की दोन? (एक विद्यार्थी, कोल्हापूर) – आज दोन. जुन्या पुस्तकांत एक दिसला तर छापखान्याची चूक समजू नका. अलेक्झांडर पोप यांनी १७२८ मध्ये ‘डन्सियड’ या काव्यात मूर्खपणाची एक देवी उभी केली, तिचं नाव डलनेस, एकाच एलचं.

साडीच्या दुकानात ‘डल शेड’ मागतात त्याला मराठीत काय म्हणावं? (एक गृहिणी, सातारा) – काय हवंय त्यावर आहे. चमक नको असेल तर ‘भडक नको’. धुऊन रंग गेलेला असेल तर ‘विटका’. आणि रोज नेसायला, डाग दिसू नयेत म्हणून हवी असेल तर ‘मळखाऊ’. या शेवटच्या शब्दाला इंग्रजीत तोड नाही. दुकानदाराला तोच सांगा आणि तो गोंधळला तर दुकान बदला.

काश्मीरचं डल लेक याच्याशी संबंधित आहे का? नातवानं विचारलंय. (एक आजोबा, विटा) – नाही. नातवाला सांगा, नुसता उच्चार सारखा, स्पेलिंग वेगळं, भाषा वेगळी. आणि ते तळं तर मुळीच डल नाही.

डलची शब्दकोशातली सगळ्यात चांगली व्याख्या कोणती? (एक निवृत्त ग्रंथपाल, सांगली) – माझ्या मते अजूनही जॉन्सन यांचीच, १७५५ च्या कोशातली. एका अर्थापुढं त्यांनी लिहिलंय, उल्हास न देणारं, आनंद न देणारं. आणि उदाहरण दिलंय, ‘शब्दकोश करणं हे डल काम आहे.’ वर्षानुवर्षं तेच काम करत असलेला माणूस हे लिहितोय! तुम्ही ग्रंथपाल, तुम्हाला त्यातली गंमत मी वेगळी सांगायला नको.

‘डल’ नावाचं गाव खरंच आहे का? मित्र पैज लावतोय. (एक वाचक, पलूस) – पैज लावली असेल तर मित्र जिंकला. स्कॉटलंडमध्ये पर्थशरला डल नावाचं खेडं आहे. २०१२ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या ‘बोरिंग’ गावाशी सोयरीक जमवली, आणि पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधला ‘ब्लँड’ परगणा त्यांना येऊन मिळाला. ब्लँड म्हणजे सपक. ओरेगननं तर ९ ऑगस्ट हा ‘बोरिंग अँड डल’ दिवसच ठरवून टाकला. नावांचा अर्थाशी मात्र काडीचा संबंध नाही. बोरिंग हे तिथं वसलेल्या विल्यम बोरिंग यांचं आडनाव, ब्लँड हे विल्यम ब्लँड नावाच्या डॉक्टरांचं, आणि डल हे बहुधा तिथल्या गेलिक भाषेतल्या कुरणाच्या शब्दावरून आलंय. पैज किती रुपयांची होती ते कळवा.